नुसते पॉईंट मोजून सेंटरचं माप निघत नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या क्रीडा पानावर बास्केटबॉलला अर्धं पान दिलं त्याबद्दल आधी मनापासून आभार. फुटबॉल सीझन सुरू झाला की शाहू स्टेडियमच्या बातम्यांपुढं दुसऱ्या खेळाला जागाच उरत नाही, आणि त्यात चूकही काही नाही, पेठापेठांचा जीव आहे त्या खेळात. पण बास्केटबॉल खेळणारी पोरंपोरीही आपल्या शहरात आहेत आणि ती तुमचा पेपर वाचतात, म्हणूनच त्या लेखात जे लिहिलंय त्यावर बोललं पाहिजे असं वाटलं. लेखाचा सूर असा की बाजूनं खेळणारा, लांबून शॉट मारणारा, दोघातिघांना चकवून आत घुसणारा विंगचा खेळाडू हाच खरा खेळाडू, आणि सेंटर म्हणजे रिंगखाली उभा राहणारा उंच माणूस, उंची देवानं दिली त्यात त्याचं कर्तृत्व काय. मायकेल जॉर्डनचे पॉईंट, कोबी ब्रायंटचे पॉईंट असं सगळं मांडून झाल्यावर सेंटरला दोन ओळीत उरकलंय. हे मला अजिबात पटलेलं नाही आणि का पटलेलं नाही ते जरा सविस्तर लिहितो, पत्र लांबलं तर कापा पण आकडे कापू नका.

माझं म्हणणं एवढंच की खेळाडूनं स्वतः किती पॉईंट केले यावर ही तुलना करायचीच नाही. तो आल्यावर टीमच्या जिंकण्यात किती फरक पडला ते बघायचं. तसं बघितलं तर मैदान ताब्यात ठेवणारा सेंटर हा बहुतेक वेळा विंगपेक्षा भारी भरतो.

एक जोडी सांगतो, मला वाटतं यापेक्षा सरळ पुरावा मिळणार नाही. एनबीए म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉलची सगळ्यात मोठी लीग, तिचा सीझन ८२ मॅचचा. १९६८-६९ ला मिलवॉकी बक्स ही नवी टीम होती, त्यांनी २७ जिंकल्या आणि ५५ हरल्या. पुढच्या वर्षी कॉलेजातनं करीम अब्दुल-जब्बार आला, तेव्हा त्याचं नाव ल्यू अल्सिंडर होतं, सात फूट दोन इंचाचा सेंटर, आणि बक्सनी ५६ मॅच जिंकल्या. आता दुसरीकडं शिकागो बुल्स बघा, १९८३-८४ ला त्यांचेही बरोबर २७ विजय आणि ५५ पराभव, मग मायकेल जॉर्डन आला आणि ते ३८ वर गेले. आता गंमत अशी की पहिल्या वर्षी करीमची मॅचमागं सरासरी २८.८ पॉईंट होती आणि जॉर्डनची २८.२, म्हणजे पॉईंट बघायला गेलं तर दोघं सारखेच. पण एकाच्या येण्यानं २९ मॅच वाढल्या आणि दुसऱ्याच्या येण्यानं ११. हा १८ मॅचचा फरक पॉईंटच्या रकान्यात कुठंच दिसत नाही, तो दुसरीकडं कुठंतरी आहे, आणि तो कुठं आहे हेच मला सांगायचंय.

ही एकच जोडी शोधून काढली असं वाटू नये म्हणून उंच माणसांचे अजून दाखले सांगतो. सॅन अँटोनियो स्पर्स १९८८-८९ ला २१ विजयांवर होते, त्यांनी डेव्हिड रॉबिन्सनला दोन वर्षं आधीच निवडून ठेवलेला पण तो नेव्हीतली नोकरी पुरी करून १९८९ ला आला, आणि टीम २१ वरनं ५६ वर. मग १९९६-९७ ला हाच रॉबिन्सन जखमी झाला, सहाच मॅच खेळला, टीम खाली २० वर आली. पुढच्या वर्षी टिम डंकन आला, रॉबिन्सन परत आला, लगेच ५६. शकील ओ'नील, म्हणजे शॅक, १९९२ ला ओरलँडोत आला तेव्हा टीम २१ वरनं ४१ वर गेली, आणि हकीम ओलाजुवान १९८४ ला ह्यूस्टनला गेला तेव्हा २९ वरनं ४८ वर, आणि दुसऱ्याच वर्षी फायनल. या टीमांत त्या त्या वर्षी दुसरेही बरे खेळाडू आले होते हे मान्य, सगळं एकट्याच्या नावावर टाकत नाही, पण इतक्या वेळा तेच घडत असेल तर त्याला योगायोग म्हणायचं का?

उलट बाजूचे दाखलेही आहेत आणि ते मी लपवणार नाही. लॅरी बर्ड सेंटर नव्हता, १९७९ ला तो आला आणि बोस्टन २९ वरनं ६१ वर गेलं, हा चमत्कारच आहे. आणि व्हिक्टर वेम्बान्यामा २०२३ ला आला, एवढा उंच, पहिल्याच सीझनला लीगमधे सगळ्यात जास्त ब्लॉक, म्हणजे समोरच्याचे हवेत अडवलेले शॉट, त्याचे, पण स्पर्सचे आदल्या वर्षी २२ विजय आणि तो आल्यावरही २२. पण तेव्हा तो विशीतला हडकुळा पोरगा होता आणि आजूबाजूची टीम त्याच्यासारखीच कोवळी होती. नुसती उंची पुरत नाही हेच त्यातनं दिसतं, आणि मी उंचीबद्दल बोलतच नाहीये, मैदान ताब्यात ठेवण्याबद्दल बोलतोय.

आता शॅक आणि कोबी, कारण तुमच्या लेखात कोबीचे ८१ पॉईंट ठळक अक्षरात होते. २२ जानेवारी २००६, टोरांटोविरुद्ध ८१, ते मी कधी विसरणार नाही आणि कोबीबद्दल माझ्या मनात आदरच आहे, २०२० ला तो हेलिकॉप्टर अपघातात गेला तेव्हा आमच्या ग्राउंडवरची पोरं त्या दिवशी खेळलीच नाहीत, बॉल बाजूला ठेवून नुसती बसून होती. पण हे दोघं एकाच टीमात आठ वर्षं खेळले त्यामुळं तुलना करायला यापेक्षा चांगली संधी नाही. १९९६ च्या उन्हाळ्यात दोघंही लॉस एंजेलिसच्या लेकर्स टीममधे आले, शॅक ओरलँडोतनं आणि कोबी थेट हायस्कूलमधनं. २०००, २००१, २००२ सलग तीन वर्षं टीम चॅम्पियन, आणि तिन्ही फायनलचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, शॅक. २००० च्या फायनलला इंडियानाविरुद्ध त्याची सरासरी ३८ पॉईंट आणि १६.७ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल) होती. आपल्याकडं त्या मॅच सकाळी सकाळी लागायच्या आणि केबल गेली नाही तर कॉलेजला जायच्या आधी बघून व्हायच्या, आणि इंडियानाचे पाचही जण त्याच्याकडंच तोंड करून उभे आहेत हे टीव्हीच्या छोट्या पडद्यावरही कळत होतं.

२००१ ची फायनल तर या वादासाठी मुद्दाम घडवल्यासारखी आहे. समोर फिलाडेल्फिया आणि त्यांचा अ‍ॅलन आयव्हरसन, तो उंचीनं विंगपेक्षाही कमी, सहा फुटाचा, पण त्या वर्षीचा लीगचा एमव्हीपी आणि सगळ्यात जास्त पॉईंट करणारा. पहिल्या मॅचला ४८ पॉईंट मारून त्यानं लेकर्सना त्यांच्याच घरात हरवलं. शॅकला थांबवायला फिलाडेल्फियाकडं डिकेंबे मुटोंबो होता, त्या वर्षीचा सगळ्यात भारी डिफेन्सचा खेळाडू, भर सीझनमधे दुसऱ्या टीमकडनं घेतलेला. आयव्हरसननं फायनलमधे सरासरी ३५.६ पॉईंट केले, शॅकनं ३३ आणि १५.८ रिबाउंड. पॉईंट आयव्हरसनचे जास्त, आणि फायनलच्या मॅच (आधी चार जिंकेल ती टीम चॅम्पियन) लेकर्सनी ४-१ अशा जिंकल्या. नुसत्या पॉईंटवर ठरवायचं तर हा निकाल कसा समजावून सांगायचा?

२००४ ला दोघं वेगळे झाले. शॅक मायामीला गेला, कोबी लेकर्समधे राहिला. मायामी आदल्या वर्षी ४२ मॅच जिंकलेली, शॅक आल्यावर ५९. लेकर्स ५६ वरनं ३४ वर आले आणि प्लेऑफलाही, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांनाही, गेले नाहीत. इथं न्यायानं सांगायला पाहिजे की त्याच वेळी कोच फिल जॅक्सन गेला, आणखी दोनतीन मोठे खेळाडू गेले आणि कोबीच्या काही मॅच दुखापतीत गेल्या. पण पुढच्या वर्षी जॅक्सन परत आला, कोबी ठणठणीत होता, सरासरी ३५.४ पॉईंट काढली, तो ८१ वाला सीझन हाच, आणि टीम ४५ जिंकून पहिल्याच फेरीत फिनिक्सकडनं ३-१ ची आघाडी असताना हरली. त्याच वर्षी तिकडं शॅक आणि ड्वेन वेड मायामीला चॅम्पियन करून मोकळे झाले. त्या फायनलचा हिरो वेड होता, शॅक नव्हे, हेही लिहितो म्हणजे कुणी माझ्यावर पक्षपाताचा आरोप करायला नको. पण कोबीला शॅकशिवायचं पहिलं विजेतेपद कधी मिळालं? २००९ ला. आणि त्याआधी २००८ च्या फेब्रुवारीत कोण आलं होतं? पाऊ गसोल, सात फुटाचा. कोबी तोच, मेहनत तीच, रिंगखाली माणूस आला आणि टीम सलग तीन वर्षं फायनलला गेली, त्यातल्या दोन जिंकल्या.

आता हे होतं कसं, ते सांगतो. विंगचा शॉट बहुतेक वेळा लांबनं, हात समोर असताना, उडी मारून असतो. करिअरभर कोबीचे शॉट ४४.७ टक्के पडले, शॅकचे ५८.२. कोबीचे काही तीन पॉईंटचे होते म्हणून फरक थोडा कमी होतो, पण रिंगजवळनं मारलेला शॉट हा खेळातला सगळ्यात खात्रीचा शॉट हे काही बदलत नाही. त्यात रिंगखाली बॉल गेला की समोरच्या टीमला दुसरा माणूस पाठवावाच लागतो, आणि दुसरा माणूस आला म्हणजे आपला कुणीतरी मोकळा सुटला. त्या मोकळ्या माणसानं शॉट टाकला तर पॉईंट त्याच्या नावावर, सेंटरच्या नावावर काही नाही, पासचं श्रेयही कित्येकदा नाही कारण मधे अजून एक पास झालेला असतो. मग फाऊल. शॅकच्या काळात टीमा एक दोन जास्तीची धिप्पाड माणसं बेंचवर ठेवायच्या, कशासाठी, तर प्रत्येकाचे सहा फाऊल वापरायला मिळतात म्हणून. पहिल्याच क्वार्टरला समोरच्या सेंटरला दोन फाऊल बसले की त्याला बाहेर घ्यावं लागतं आणि तिथनं पुढचा सगळा डिफेन्स विस्कटतो. हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

आणि डिफेन्स तर वेगळंच प्रकरण. विंगचा खेळाडू कितीही चांगला डिफेन्स करू दे, तो मुख्यतः एका माणसाला धरतो. जॉर्डन १९८८ ला सर्वोत्तम डिफेन्सचा खेळाडू ठरला होता, तो या बाबतीत खरोखर थोर, तरी तोसुद्धा आपल्या बाजूचाच माणूस आधी सांभाळणार. सेंटर पाचही जणांच्या मागं उभा असतो, पुढं कुणीही चुकला तरी शेवटी त्याच्याशी गाठ आहे. हकीमचे करिअरमधे ३,८३० ब्लॉक आहेत, ब्लॉकची मोजणी १९७३ ला सुरू झाली तेव्हापासनं इतके कुणाचेच नाहीत. पण ब्लॉकपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे जे शॉट मारलेच गेले नाहीत, पोरगा आत घुसला, हकीमला बघितलं आणि बॉल परत बाहेर टाकला, ते कुणी मोजलेलं नाही आणि मोजताही येत नाही. १९९४ च्या फायनलला ह्यूस्टन ३-२ नं मागं होतं, सहाव्या मॅचला शेवटच्या सेकंदाला न्यूयॉर्कचा जॉन स्टार्क्स तीन पॉईंटचा शॉट मारायला गेला, पडला असता तर न्यूयॉर्क चॅम्पियन, आणि हा सात फुटाचा माणूस रिंग सोडून तिथपर्यंत धावत गेला आणि बोटांनी बॉल अडवला. सातवी मॅच ह्यूस्टननं जिंकली. त्या एका सीझनला लीगचा एमव्हीपी, सर्वोत्तम डिफेन्स आणि फायनलचा एमव्हीपी तिन्ही हकीमला मिळाले, असं दुसऱ्या कुणालाच जमलेलं नाही. लहानपणी लागोसला हँडबॉल आणि फुटबॉलमधे गोलकीपिंग करायचा तो. त्याचे ते पाय बघा, आणि मग म्हणा उंची देवानं दिली त्यात त्याचं काय!

देवाच्या देणगीचा मुद्दा कोल्हापूरकराला तरी पटायला नको. आपल्याकडं तालमीत बघतोच की आपण, नुसता वजनदार गडी आणि मैदान मारणारा पैलवान यात किती अंतर असतं, वजन आईबापाकडनं येतं पण डाव हजार वेळा घोटून येतो. उलट कुस्तीत वजनगट तरी असतात, आपल्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीहून कांस्य आणलं ते ५७ किलोच्या गटात. बास्केटबॉलला तसले गट नाहीत, सहा फुटाचा आणि सात फुटाचा एकाच मैदानात. मग उंच माणसाचा फायदा कमी करायला त्या लोकांनी काय केलं, तर नियम बदलले, एकदा नव्हे कित्येकदा.

हा इतिहास तुमच्या लेखात असायला हवा होता असं मला राहून राहून वाटतं. जॉर्ज मायकन म्हणून सहा फूट दहा इंचाचा चष्मेवाला सेंटर होता मिनियापोलिस लेकर्सचा. १९५० च्या नोव्हेंबरात फोर्ट वेन पिस्टन्सनी त्याच्या हातात बॉल जाऊच नये म्हणून अख्खी मॅच बॉल नुसता धरून ठेवला, मॅच संपली १९-१८ वर, पिस्टन्स जिंकले, आणि लेकर्सच्या १८ मधले १५ एकट्या मायकनचे! असले कंटाळवाणे प्रकार वाढले म्हणून १९५४ ला २४ सेकंदांत शॉट मारायचा नियम आला. त्याआधी १९५१ ला रिंगखालची ती आखलेली जागा, जिथं तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, ती सहा फुटांची बारा फूट केली, मायकनमुळंच. मग विल्ट चेंबरलेन हा दुसरा सेंटर आला आणि १९६४ ला ती बाराची सोळा केली. करीम कॉलेजला असताना १९६७ ला कॉलेज बास्केटबॉलमधे डंक मारायलाच, म्हणजे उडी मारून बॉल हातानं रिंगमधे कोंबायलाच, बंदी घातली, ती १९७६ पर्यंत होती, आणि त्यावर करीमनं काय केलं, तर हुक शॉट, म्हणजे बाजूला वळून एका हातानं डोक्यावरनं टाकायचा शॉट, इतका घोटला की पुढं ३८,३८७ पॉईंट करून कितीतरी वर्षं तो यादीत सगळ्यात वर राहिला, २०२३ ला लेब्रॉन जेम्सनं तो आकडा ओलांडला.

आता उलट बघा. विंगच्या खेळाडूला आवरायला असा नियम कधी आला का? जॉर्डनला थांबवायला डेट्रॉईटनं मारकुटा डिफेन्स लावला, पण तो त्यांचा डाव, नियम कुणी बदलला नाही. उलट २००४ पासनं बाहेरच्या खेळाडूला हातानं अडवण्यावर पंच कडक झाले आणि त्याचा फायदा कुणाला झाला, बाहेरनं घुसणाऱ्या खेळाडूंनाच. आणि २००१ पासनं झोन डिफेन्सला, म्हणजे एकेका माणसाऐवजी जागा सांभाळायला, परवानगी मिळाली, म्हणजे सेंटरच्या अंगावर बॉल यायच्या आधीच दोन माणसं ठेवायची सोय झाली, तरी शॅक २००२ ला जिंकलाच. ज्याच्यासाठी मैदानावरच्या रेषा पुसून नव्यानं आखाव्या लागल्या तो खेळाडू नुसता उभा राहणारा असेल का हो साहेब?

पण सेंटरची एक खरी अडचण आहे आणि त्यावर विंगवाले बोलतात ते बरोबर आहे. शेवटची दोन मिनिटं. सेंटरला बॉल कुणीतरी आणून द्यावा लागतो, विंगवाला स्वतः आणतो आणि स्वतः मारतो. त्यात शॅकचे फ्री थ्रो, म्हणजे फाऊलनंतर मिळणारे मोकळे शॉट, पडायचे ५२.७ टक्के, समोरच्या टीमा मुद्दाम त्याला फाऊल करायच्या आणि मॅच तिथं अडकवायच्या. चेंबरलेनचंही तेच, करिअरला ५१ टक्के. २ मार्च १९६२ ला ज्या मॅचला त्यानं १०० पॉईंट केले त्यात ३२ पैकी २८ फ्री थ्रो घातले होते, त्या सीझनला तो खालनं दोन हातांनी टाकायचा, लहान पोरं टाकतात तसा, आणि लोक काय म्हणतील म्हणून पुढं ती पद्धत सोडून दिली. मला याचं फार वाईट वाटतं, एवढा ताकदीचा माणूस आणि चिडवण्याला भ्यायला.

२००० च्या फायनलची चौथी मॅच याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. इंडियानाच्या घरात, ओव्हरटाईममधे शॅकला सहावा फाऊल बसला, ३६ पॉईंट आणि २१ रिबाउंड करून तो बाहेर गेला. कोबी २१ वर्षांचा, घोटा मुरगळल्यामुळं आधीची मॅच बसून होता, तो पुढं आला आणि ओव्हरटाईमला आठ पॉईंट मारून १२०-११८ नं मॅच काढून दिली. त्या पाच मिनिटांत कुठलाही सेंटर कोबीची जागा घेऊ शकला नसता हे मी छातीठोक सांगतो. शेवटचा एकच शॉट उरलाय तर बॉल विंगच्या हातात द्या, त्याबद्दल वादच नाही. पण त्याच वर्षी पोर्टलँडविरुद्ध सातव्या मॅचला चौथ्या क्वार्टरला पंधरा पॉईंटनं मागं असताना लेकर्सनी जे उलटवलं त्याचा शेवट आठवा, कोबी समोरनं चकवत आत आला, बॉल वर रिंगकडं फेकला आणि शॅकनं हवेतच धरून आत घातला. कोबीला स्वतः मारता आला नसता का? आला असता. त्यानं वर फेकला कारण तिथं खात्री होती.

आणि जॉर्डन. त्याच्यासाठी वेगळा परिच्छेद द्यायलाच पाहिजे कारण माझा सगळा हिशोब त्याच्यापाशी अडतो. सहा विजेतेपदं, सहा वेळा फायनलचा एमव्हीपी, आणि टीममधे मोठा सेंटर म्हणावा असा कुणी नाही, बिल कार्टराईट आणि लूक लाँगली ही साधी माणसं. तो अपवाद आहे आणि मी मोकळ्या मनानं मानतो. पण तो अपवादसुद्धा पॉईंटवर उभा नाही हे बघा. १९८६-८७ ला त्याची सरासरी ३७.१ होती, त्याच्या आयुष्यातली सगळ्यात जास्त, टीम ४० जिंकली ४२ हरली, आणि प्लेऑफला बोस्टननं ३-० नं घरी पाठवलं. १९८६ च्या प्लेऑफला बोस्टनविरुद्ध ६३ मारले ती मॅचही हरलेली. विजेतेपदं सुरू झाली १९९१ पासनं, पिपेन आणि ग्रँट तयार झाल्यावर, पुढं रिबाउंडला रॉडमन आला तेव्हा अजून तीन. १९८४ ला टीमा नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत हकीम पहिला, जॉर्डन तिसरा, आणि लोक अजून म्हणतात ह्यूस्टन चुकलं. ह्यूस्टन चुकलं नाही हो, दोन विजेतेपदं मिळाली त्यांना! चुकलं पोर्टलँड, ज्यांनी दुसऱ्या नंबरला सॅम बोवी घेतला. बोवी उंच होता, पायानं अधू झालेला होता, आणि जॉर्डनला सोडून त्याला घेणं म्हणजे परत तेच, नुसती उंची बघून घेणं.

पॉईंट हे माप नाही याला शेवटचा साक्षीदार चेंबरलेनच आहे. १९६१-६२ ला सरासरी ५०.४ पॉईंट, हो, सरासरी, आणि टीम सातव्या मॅचला बोस्टनकडनं दोन पॉईंटनं हरली. त्या बोस्टनचा बिल रसेल करिअरभर सरासरी १५ पॉईंट करायचा आणि १३ सीझनमधे ११ विजेतेपदं घेऊन गेला, डिफेन्स आणि रिबाउंडवर. चेंबरलेननं १९६६-६७ ला शॉट कमी केले, सरासरी २४ वर आली, पास वाढवले, आणि फिलाडेल्फिया ६८ मॅच जिंकून चॅम्पियन. पॉईंट निम्म्यावर आले आणि माणूस जिंकायला लागला.

हल्लीचा निकोला योकिच बघून तर माझी खात्रीच झालीय. सर्बियाच्या सोंबोर गावचा, २०१४ ला ४१ व्या नंबरला निवडलेला, म्हणजे कुणाला फार अपेक्षा नव्हती, उड्या मारत नाही, पळताना संथ वाटतो, आणि तीन वेळा एमव्हीपी. २०२३ च्या प्लेऑफला सगळ्या लीगमधे एकूण पॉईंट, रिबाउंड आणि असिस्ट (ज्या पासवर लगेच पॉईंट होतो तो) तिन्हीत तो पहिला, असं आधी कुणीच केलं नव्हतं. सेंटरला बॉल आणून द्यावा लागतो ही जी एक तक्रार होती तीच त्यानं मिटवली, तो स्वतःच बॉल वाटतो. २०१९ ते २०२४ सलग सहा वर्षं एमव्हीपी उंच माणसांकडंच गेला, यानिस, योकिच, एम्बीड. तीन पॉईंटच्या जमान्यात सेंटर संपला म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

हे सगळं मी कोल्हापुरात बसून का लिहितोय, तर आपल्या ग्राउंडवर याचा थेट परिणाम होतोय. मी संध्याकाळी पोरांना शिकवायला जातो. एखादा आठवीतला पोरगा सहा फुटाकडं जायला लागला की शाळा त्याला टीममधे घेते आणि सांगते, रिंगखाली हात वर करून उभा रहा. बस. त्याला ना पिव्होट (एक पाय रोवून वळणं) शिकवत, ना डाव्या हाताचा लेअप (रिंगजवळ जाऊन अलगद टाकायचा शॉट), ना पाठ लावून जागा कशी अडवायची ते. बॉल त्याच्याकडं येतच नाही कारण बाहेरची सगळी पोरं लांबनं तीन मारण्याच्या नादात. दोन वर्षांत तो कंटाळतो आणि व्हॉलीबॉलला जातो नाहीतर फुटबॉलला गोलकीपर होतो, नाहीतर खेळच सोडतो. उंच पोरींचं तर अजून अवघड, त्या वाकून चालायला लागतात, त्यांना ताठ उभं रहा सांगणारं माणूस मैदानावर पाहिजे. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग, सात फूट दोन इंच, चौदाव्या वर्षी फ्लोरिडाच्या अकादमीत गेला आणि २०१५ ला डॅलसनं त्याला ५२ व्या नंबरला निवडलं, भारतात जन्मलेला पहिलाच. एनबीएची मॅच त्याच्या वाट्याला आली नाही ते वेगळं, पण एका खेड्यातला पोरगा तिथवर गेला तो कुणीतरी वेळेवर त्याला शिकवायचं ठरवलं म्हणून.

आणि यात तुमच्या पेपरचाही वाटा आहे साहेब, रागावू नका. शालेय स्पर्धेची बातमी येते त्यात अमक्यानं १८ गुण, तमकीनं २२ गुण, संपलं. पोरगा ती कात्रणं कापून फाईलला लावतो, निवडीला गेलं की तीच दाखवतो. ज्यानं चौदा रिबाउंड घेतले, पाच शॉट अडवले, त्याचं नाव छापूनच येत नाही. दोष बातमीदाराचाही नाही, टेबलवरच्या स्कोअरशीटमधे पॉईंट आणि फाऊल एवढंच लिहिलेलं असतं, रिबाउंडचा रकानाच नसतो, मग त्याला मिळणार कुठनं.

म्हणून एक विनंती. पुढच्या आंतरशालेय स्पर्धेला आयोजकांना आधी सांगा की निकालासोबत प्रत्येक टीमचे सगळ्यात जास्त रिबाउंड, ब्लॉक आणि असिस्ट कुणाचे ते पण द्या, आम्ही छापू. अवघड काही नाही, प्रत्येक टीमच्या बेंचवर बसलेल्या एका पोराच्या हातात वही द्यायची आणि चार रकाने आखून द्यायचे, आमच्या ग्राउंडवर पोरं हे करतात आणि दोन मॅचनंतर त्यांना रिबाउंड कुणाचा आणि कुणाचा नाही हे आमच्यापेक्षा चांगलं कळायला लागतं. तुमच्या बातमीदाराला हवा असेल तर नमुन्याचा कागद मी ऑफिसला आणून देईन, आणि पहिल्या स्पर्धेला टेबलजवळ स्वतः बसेन.

आपला,
एक वाचक आणि बास्केटबॉलप्रेमी,
राजारामपुरी, कोल्हापूर